किनेसिओ टेप: पाच मीटरचा रोल, झिजलेला गुडघा आणि सोलापूरचं ऊन

पाच सेंटिमीटर रुंद, पाच मीटर लांब, सुती कापडाची ताणली जाणारी पट्टी. गुडघ्याच्या झिजेसाठी हा रोल घ्यावा का? घ्यावा, पण रोज अर्धा तास व्यायाम करायची तयारी असेल तरच. टेपने कूर्चा भरून येत नाही. दुखणं थोडं हलकं होतं आणि तेवढ्या सवलतीत मांडीचा पुढचा स्नायू कामाला लावता येतो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाची जोरदार शिफारस केली आहे, टेपची मात्र सशर्त. तो क्रम बरोबर आहे.

आधी हिशेब. एका गुडघ्याला २५ सेंटिमीटरच्या दोन आणि १५ सेंटिमीटरची एक पट्टी लागते, म्हणजे ६५ सेंटिमीटर. एका रोलमध्ये सात वेळा लावून होते. पाकिटावर तीन ते पाच दिवसांचा दावा असतो. पारा चाळिशीपार गेलेल्या एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात दोन दिवस धरून चाला. यंत्रमागावर उभं राहणाऱ्यांच्या टेपची कड जरा सुटली की तिला सुताची तूस चिकटते आणि मग ती पुन्हा बसत नाही. सुटलेला भाग कात्रीने कापून टाका, दाबत बसू नका.

टेप टिकत नाही याचं सगळ्यात मोठं कारण तेल आणि बाम. रात्री गुडघ्याला तेल चोळून सकाळी टेप लावली तर ती दुपारपर्यंतही राहणार नाही. साबणाने धुवा, पूर्ण कोरडं करा, केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. पहिल्यांदा वापरताना छोटा तुकडा मांडीवर २४ तास लावून बघा. खाज किंवा पुरळ आलं तर रोल परत ठेवून द्या.

लावताना खुर्चीत गुडघा काटकोनात वाकवून बसा. पट्टीची टोकं गोल कापा. वाटीच्या खाली नडगीवर हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथे पहिले चार सेंटिमीटर अजिबात न ताणता चिकटवा. मधला भाग हलकासा, साधारण पाव ताण देऊन वाटीच्या आतल्या कडेने वर मांडीवर न्या. शेवटचे चार सेंटिमीटर पुन्हा बिनताणाचे. दुसरी पट्टी तशीच बाहेरच्या कडेने. तिसरी वाटीच्या खाली आडवी, मध्ये निम्मा ताण, टोकं सैल. मग तळहाताने मिनिटभर चोळा, उबेने डिंक धरतो. टोकं ताणून लावली की कातडी ओढली जाऊन फोड येतात. बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. पट्टी गुडघ्याच्या मागच्या घडीत जाऊ देऊ नका. विड्या वळायला तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या बायकांना ती घडी हमखास काचते.

वाटीच्या मागे, जिना उतरताना दुखत असेल तर न ताणली जाणारी कडक टेप जास्त उपयोगी पडते. खाली मऊ पांढरी पट्टी, वर कडक टेप, आणि वाटी किंचित आतल्या बाजूला ओढलेली. ही पहिल्यांदा फिजिओकडूनच लावून घ्यावी. ८७ रुग्णांवरची ऑस्ट्रेलियातली २००३ सालची चाचणी याच पद्धतीची होती. तीन आठवड्यांनी नीट लावलेल्या टेपने ७३ टक्क्यांना बरं वाटलं, नुसत्याच चिकटवलेल्या टेपने ४९ टक्क्यांना आणि टेप न लावता १० टक्क्यांना. म्हणजे नुसत्या स्पर्शानेही बराच दिलासा मिळतो, आणि तो नाकारायचं कारण नाही.

व्यायामाला उपकरण घरातच आहे: जाड सोलापुरी टॉवेल. त्याची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, पाय सरळ करून ती पाच सेकंद खाली दाबा, श्वास न रोखता. दहा वेळा, तीन फेऱ्या. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ पाय दुमडलेल्या गुडघ्याच्या उंचीपर्यंतच उचला. त्याहून वर नेला की काम मांडीऐवजी जांघेवर जातं. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं खुब्यासाठी, आणि ते टाळू नका, कारण खुबा कमजोर असला की चालताना गुडघा आत झुकतो. शेवटी उंच खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं तर प्रमाण ठीक. नाही उतरलं तर फेरी कमी करा, व्यायाम बंद करू नका. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठी चालणं चांगलं, पण त्याने या स्नायूंची भरपाई होत नाही.

मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, कातडी कागदासारखी पातळ असेल किंवा जखम असेल तर टेप नको. पोटरी एकाएकी सुजली, गुडघा गरम होऊन ताप आला किंवा सांधा अडकून बसला तर थेट डॉक्टरांकडे.

काढताना ओरबाडू नका. तेल लावून दहा मिनिटं थांबा, एका हाताने कातडी दाबून धरा आणि केसांच्या दिशेने पट्टी गुंडाळत खाली आणा. उरलेला रोल हवाबंद डब्यात, सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत दुपार काढलेल्या रोलचा डिंक कडेने पाझरतो आणि मागचा कागद निघत नाही.