एपीएसच्या टेस्टसाठी लॅब शोधताय? आमचा अनुभव (साडेतीन स्टार)

धाकट्या बहिणीसाठी गेलो होतो. दोन मिसकॅरेज झालेली, दोन्ही दहा आठवडे उलटून गेल्यावर, आणि मग दिवाळीच्या आधी डावी पोटरी टम्म सुजली. घरी सगळे म्हणे फराळाला उभी राहून राहून झालं असेल. डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) केला तर शिरेत गुठळी! डॉक्टरांनी आधी मिसकॅरेजचंच विचारलं आणि चिठ्ठीवर तीन टेस्ट लिहिल्या, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. संशय एपीएसचा, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. शरीरानेच स्वतःवर उलटणाऱ्या अँटिबॉडीज बनवायच्या आणि त्यामुळे रक्ताच्या गुठळ्या.

आधी एका दुसऱ्या लॅबचं होम कलेक्शन घेतलं होतं (नाव नको). मुलगा आला, निळ्या टोपीची ट्यूब अर्धीच भरली आणि बॅगेत टाकून पुढच्या चार घरी गेला. आम्हाला काय कळतंय, आम्ही त्याला चहा पाजला. रिपोर्ट आला तो धड पॉझिटिव्ह नाही धड निगेटिव्ह नाही, पैसे पाण्यात.

मग इथे आलो. इथल्या सॅम्पल घेणाऱ्या ताईंनी सुई काढायच्या आधीच विचारलं, रक्त पातळ व्हायचं काही चालू आहे का, पोटातलं इंजेक्शन किती वाजता घेतलं? तासाभरापूर्वीच घेतलं होतं. म्हणाल्या आज परत जा, त्या इंजेक्शनमधल्या हेपॅरिनने ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची टेस्ट बिघडते, उद्या सकाळचं इंजेक्शन घ्यायच्या आधी या. त्या दिवशी मी चिडले होते, रिक्षाचे पैसे फुकट गेले म्हणून, पण आता वाटतं त्यांनी तिथे आमचं काम केलं. दुसऱ्या दिवशी ट्यूब खुणेपर्यंत भरली (आतलं सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, ठरलेल्या प्रमाणात असतं, रक्त कमी पडलं की रिझल्ट चुकतो) आणि सेंट्रिफ्यूज (मशीनमध्ये गरगर फिरवून रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, वेगळा करणं) तिथल्या तिथे, तेही दोनदा, कारण प्लाझ्मात प्लेटलेट उरल्या तर टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

रिपोर्टमध्ये एपीटीटी, म्हणजे ट्यूबमध्ये रक्त गोठायला लागणारा वेळ, वाढलेला. आई म्हणाली म्हणजे रक्त पातळ आहे की, मग गुठळी कशी? मलाही तेच वाटलं होतं. इथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी पाच मिनिटं बसून सांगितलं की गोठायला लागणारी फॉस्फोलिपिडं ट्यूबमध्ये या अँटिबॉडीज अडवून धरतात म्हणून तिथे वेळ लागतो, शरीरात मात्र उलटं, गुठळ्या होतात. आणि टेस्टच्या नावात ल्युपस असलं तरी ल्युपस नावाचा आजार असेलच असं नाही. हे ऐकेपर्यंत बहिणीने गुगल करून रडून घेतलं होतं.

आता अर्धा स्टार कुठे गेला. काउंटरवरचा मुलगा थ्रोम्बोफिलिया (गुठळ्या होण्याची प्रवृत्ती) पॅकेज गळ्यात मारत होता, त्यात प्रोटीन सी, प्रोटीन एस वगैरे जन्मजात दोषांच्या टेस्ट असतात, आपल्याला हव्या त्या तिन्ही त्यात नव्हत्याच! चिठ्ठीशी एकेक नाव जुळवूनच पैसे भरा. आणि एक स्टार रिपोर्टसाठी, चार दिवस सांगून नऊ दिवस लावले आणि फोन कोणी उचलत नाही. पार्किंग नाही ते वेगळंच.

एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणजे झालं असं नाही, किमान 12 आठवड्यांनी तीच टेस्ट परत करायची, कारण एखाद्या इन्फेक्शननंतरही या अँटिबॉडीज काही दिवस दिसतात आणि जातात. आमच्या रिपोर्टखाली हे छापलेलं होतं, पहिल्या लॅबने चकार शब्द काढला नव्हता. दुसऱ्यांदाही तिन्ही पॉझिटिव्ह. तोवर वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, सुरू झालेलं, त्याचाही या टेस्टवर परिणाम होतो, त्यामुळे सॅम्पलची वेळ आणि गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांनी ठरवून दिलं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, प्लीज.

आयएनआर (वॉरफरिनने रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवायचाय, त्यासाठी आम्ही घराजवळच जातो, एवढ्या लांब यायची गरज नाही. मोठ्या टेस्टसाठी मात्र इथेच, आणि सकाळी लवकर. रविवारी जाऊ नका, त्या ताई नसतात.