जेलीफिन घराबाहेरून उघडत नसेल तर: पोर्ट फॉरवर्डिंग की टेलस्केल?

घरच्या वाय-फायवर ८०९६ पोर्टसह सर्व्हरचा पत्ता टाकल्यावर ब्राउझरमध्ये जेलीफिन (आपल्याकडचे चित्रपट-गाणी इतर उपकरणांवर दाखवणारा मीडिया सर्व्हर) उघडते, परंतु मोबाइल डेटावर उघडत नाही, तेव्हा आधी राउटरचा वॅन आयपी, म्हणजे त्याचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील असेल, तर सेवा पुरवठादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग (ठरावीक पोर्टवर आलेली विनंती राउटरने घरातील सर्व्हरकडे पाठवणे) कितीही अचूक केले तरी बाहेरची विनंती आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. टेलस्केल या आपल्या उपकरणांचे खासगी जाळे (व्हीपीएन) बनवणाऱ्या सेवेत सर्व्हर आणि मोबाइल ही दोन्ही उपकरणे आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे ही अडचण टळते. मात्र प्रत्येक उपकरणावर ॲप बसवावे लागते. सार्वजनिक आयपी मिळाला तरी एचटीटीपीएसशिवाय पोर्ट उघडा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पासवर्ड कूटबद्ध न होताच इंटरनेटवरून जातो.