कोरहाचे बंड आणि नेत्याची नम्रता : एका ध्वनी-अभ्यासमालेचे परीक्षण

बायबलमधील गणना या पुस्तकाच्या १६व्या अध्यायावरील ही ध्वनी-अभ्यासमाला मंडळ्यांची आणि लहानमोठ्या गटांची धुरा वाहणाऱ्यांसाठी केलेली आहे, आणि तिचा मोठा गुण असा की धरणी दुभंगून बंडखोरांना गिळते त्या प्रसंगाकडे जाण्याची ती घाई करत नाही. कोरह, दाथान, अबीराम आणि त्यांच्यासोबतचे २५० प्रतिष्ठित पुरुष इस्राएल लोकांचा नेता मोशे व त्याचा भाऊ, याजक (पुरोहित) अहरोन यांना जाब विचारतात की सगळीच मंडळी पवित्र असताना तुम्ही स्वतःला श्रेष्ठ का समजता. त्यावर उत्तर देण्याआधी मोशे जमिनीवर उपडा पडतो. बहुतेक प्रवचने ज्या ओळीवरून पुढे सरकतात, त्या ओळीला येथे अख्खा पाठ दिला आहे. अधिकारावर कोणी बोट ठेवले की माणूस एरवी आपली कामगिरी मोजून दाखवू लागतो. मोशे मात्र निवाडा दुसऱ्या सकाळवर आणि परमेश्वरावर सोपवतो, हे निवेदकाने फार समजून मांडले आहे.

मोशेचा रागही पाठात झाकलेला नाही. दाथान व अबीराम भेटीला यायचे नाकारतात आणि जिथल्या गुलामीतून सुटले त्या मिसरलाच (इजिप्तलाच) दुधामधाचा देश म्हणतात, तेव्हा तो संतापून परमेश्वराला सांगतो की मी यांचे एक गाढवसुद्धा घेतलेले नाही. तरीही पुढे एका माणसाच्या पापापायी साऱ्या मंडळीवर कोप होऊ नये, म्हणून तोच रदबदली करतो. नंतरच्या मरीत १४,७०० माणसे दगावतात, आणि ज्याच्या याजकपदावर आक्षेप होता तो अहरोन धुपाटणे घेऊन धावत जातो व मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्या मध्ये उभा राहतो. हा भाग पुन्हा ऐकावा इतका उत्तम उतरला आहे.

माला तोकडी पडते ती कोरहाच्या बाबतीत, कारण त्याच्या बोलण्यात काही तथ्य होते हे ती मान्यच करत नाही. सीनाय पर्वतापाशी सगळ्या इस्राएलाला पवित्र राष्ट्र म्हटले गेले होते. शिवाय ११व्या अध्यायात एल्दाद व मेदाद हे दोघे वडीलजन छावणीत देवाचा संदेश देऊ लागले आणि मोशेचा सेवक यहोशवा याने त्यांना आवरायला सांगितले, तेव्हा परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे व्हावेत अशी इच्छा मोशेनेच बोलून दाखवली होती. लेवी वंशातला असल्याने निवासमंडपाची (उपासनेच्या पवित्र तंबूची) सेवा कोरहाला मिळालेलीच होती, आणि मोशेच्या मते त्याचा डोळा याजकपदावर होता. म्हणजे खोट प्रश्नात नव्हती, हेतूत होती. हा भेद न सांगितल्यामुळे प्रामाणिक शंका विचारणाऱ्यालाही कोरह ठरवून गप्प करण्याची सोय होते, आणि या अध्यायाचा तसा वापर होताना मी पाहिला आहे.

कोरहाचे पुत्र मात्र वाचले आणि त्यांच्या नावाची स्तोत्रे आजही गायली जातात, एवढी मोठी गोष्ट शेवटच्या पाठात ओझरती उरकली आहे, याचेही वाईट वाटते. तरीही माला जरूर ऐकावी. गटाने ऐकायची असल्यास ११वा अध्याय आधी मोठ्याने वाचून घ्यावा आणि श्रोत्यांत नेत्याबरोबर त्याला प्रश्न विचारणारेही बसवावेत.