विश्रामबागवाडा, पुणे : दर्शनी भाग पाहून परत फिरू नका

तुळशीबागेतल्या खरेदीच्या पिशव्या सांभाळत बाजीराव रस्त्यावरून या वाड्याचा फोटो काढणारे पुष्कळ, आत शिरणारे थोडे. मेघडंबरी, सज्जा आणि सुरूच्या आकाराचे कोरीव खांब यांना पैकीच्या पैकी गुण. पण वाड्याची खरी गंमत दुसऱ्या बाजीरावानंतर सुरू होते.

दोनेक लाख खर्चून बांधलेल्या या वाड्यात पेशव्याला जेमतेम दहा-अकरा वर्षं मिळाली. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. डेक्कन कॉलेजचं मूळ तेच. १३ मे १८७९ च्या आगीत पेशव्यांचा जवळचा बुधवारवाडा पार गेला, विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला आणि लोकवर्गणीतून पुन्हा उभा राहिला. म्हणजे समोरचा प्रत्येक खांब पेशवाईतलाच, असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुढे नगरपालिका, महापालिका, पोस्ट, सरकारी ग्रंथालय. माणसांचा राबता राहिला म्हणूनच वाडा टिकला, पण कचेऱ्या आल्या की फळ्यांच्या भिंती, वायरिंग आणि ऑइलपेंटही येतात.

आत गेल्यावर नजर खाली ठेवा. खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या बैठकीच्या दगडावर, नीट बसलाय का, बुंध्याशी लाकूड भुसभुशीत झालंय का, हे आधी पाहावं. मग वर, तुळईचं (आडव्या लाकडी वाशाचं) टोक भिंतीत शिरतं तिथे. कुजण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. अशा विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. क्षार फुटतात, पोपडे सुटतात आणि पाणी लाकडाकडे वळतं. म्हणून गिलावा चुन्याचाच हवा : चुना किमान पंधरा दिवस भिजवलेला, सोबत सुर्की (भाजक्या विटांची पूड) आणि वाळू, एक थर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जाड नाही, आणि नंतर आठवडाभर ओलावा. घाई केली की केसासारख्या भेगा पडतात. सागवानावरचा जुना रंग जाळून काढू नये, कोरीव काम करपतं. हळूहळू खरवडून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. जाड हात चिकट राहतो नि धूळ धरतो.

एक तास पुरे. रविवारी संध्याकाळी मात्र गाडी घेऊन येऊ नका. तुळशीबागेची गर्दी वाड्यालाही पुरून उरते.