स्वावलंबी, आत्मनिर्भर की स्वयंपूर्ण? पाटी रंगवण्याआधी

ओळखीच्या एका बचत गटाला नाव हवं होतं. बारा जणी, पापड-कुरडयांचं काम. कागदावर तीन नावं, तिन्हींचा अर्थ एकच अशी सगळ्यांची समजूत, आणि तरी वाद मिटेना. मी मुद्रितं तपासतो म्हणून कागद माझ्याकडे आला. तुमचंही असंच कुठे अडलं असेल तर माझा कल आधीच सांगतो: माणसांसाठी स्वावलंबी.

अवलंब म्हणजे आधार. स्वावलंबनात आपला भार आपण उचलायचा असतो. दुसऱ्याशी देवघेवच करायची नाही, असं त्यात कुठेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचं बोधवाक्य. ‘कमवा आणि शिका’ म्हणत पोरं राबून शिकली, आणि संस्थेने लोकांकडून मदतही घेतली. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ साली गिरगावात सात जणींनी केली, तीही ८० रुपये उसने घेऊन. तिथे मात्र देणगी मागायची नाही असं ठरलेलं. रीत वेगळी, पण स्वावलंबी हा शब्द दोन्हीकडे शोभतो. उसनं घेतलं तरी फेड स्वतःच्या कष्टातून झाली.

स्वयंपूर्ण हा शब्द कोठाराचा आहे. लागेल तेवढं घरातच आहे का, एवढंच तो विचारतो. हरितक्रांतीनंतर देश अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला, हे वाक्य चपखल बसतं. ‘माझी मुलगी स्वयंपूर्ण आहे’ हे कानाला खटकतं. आमच्या गटाची उडीद डाळ बाजारातली, पापडखार वाण्याकडचा, कर्ज बँकेचं. स्वयंपूर्ण म्हणवून घ्यायचं कशाच्या जोरावर? गाव, जिल्हा, राज्य यांच्यासाठी मात्र हाच शब्द घ्या. गोवा सरकारनेही २०२० मध्ये ‘स्वयंपूर्ण गोवा’ असंच नाव निवडलं.

आत्मनिर्भरची गंमत वेगळी. संस्कृतात निर्भर म्हणजे काठोकाठ भरलेला. जुन्या मराठीतला ‘आनंदनिर्भर’ त्याच अर्थाचा. हिंदीत त्याचा अर्थ झाला ‘अवलंबून’, आणि तिथून आत्मनिर्भर आपल्याकडे आला. १२ मे २०२०च्या पंतप्रधानांच्या भाषणानंतर तर तो मराठी वर्तमानपत्रांत रोजचाच झाला. चूक म्हणणार नाही, पण त्याला योजनेचा वास येतो. गटातल्या एका आजींनी कागद वाचून विचारलं, “म्हणजे हे सरकारी दुकान का गं?” मी तिथेच त्यावर काट मारली. अर्जात योजनेचं नाव लिहायचं असेल तर ते आहे तसंच लिहावं, तिथे मराठीची हौस नको.

स्वायत्त या यादीत बसतच नाही. तो निर्णयाच्या अधिकाराचा शब्द आहे. कॉलेज स्वायत्त असूनही अनुदानावर चालू शकतं. स्वदेशी मालाला लागतो. स्वयंसहाय्यता गट कागदोपत्री ठीक, बोलताना सगळे बचत गटच म्हणतात.

आणि भाषण करायचं असेल तर यातला एकही शब्द फारसा कामाचा नाही. घरात कोण ‘स्वावलंबन’ म्हणतं? ‘पायावर उभी राहिली’, ‘कुणापुढे हात पसरला नाही’ असंच म्हणतात. ‘आपला हात जगन्नाथ’ जपून वापरा. पंगतीत स्वतःच स्वतःला चार जिलब्या वाढून घेणाऱ्यालाही लोक तेच म्हणतात, मग सभा हसते.

गटाने शेवटी ‘स्वावलंबी’ घेतलं. रंगाऱ्याने पहिल्या दिवशी ‘स्वालंबी’ रंगवून ठेवलं होतं. ही चूक छापील पत्रिकांतही सर्रास दिसते. स्व अधिक अवलंबी, म्हणून व दोनदा. रंग वाळायच्या आत मोजून घ्या.