कासव वाचवायला परदेशी जाताय? पैसे भरण्याआधी हे वाचा

'रोज संध्याकाळी कासवाची पिल्लं स्वतःच्या हातानं समुद्रात सोडा' असं आमिष ज्या जाहिरातीत असेल, तिथे एक रुपयाही भरू नका. जे सर्वात मोहक वाटतं, तोच फसवणुकीचा पुरावा आहे. का, ते पुढे येईलच.

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, बेंटोटा-कोसगोडापासून हबारादुवापर्यंत, कासवांच्या बऱ्याच हॅचऱ्या, म्हणजे अंडी उबवून पिल्लं समुद्रात सोडणारी केंद्रं, आहेत. त्यांत तळमळीनं काम करणारी माणसं आहेत, आणि स्वयंसेवकांच्या खिशावर चालणारी दुकानंही आहेत. भारतातून कोलंबो जवळ, खर्च आवाक्यातला, म्हणून आपल्याकडची कॉलेजची मुलं या दुकानांच्या जाळ्यात सहज सापडतात.

पद्धत ठरलेली असते. इन्स्टाग्रामवर जाहिरात येते: दोन आठवडे, राहणं-जेवण, शेवटी प्रमाणपत्र. चौकशी केली की 'दोनच जागा उरल्यात, आजच नोंदणी करा'. नोंदणीची रक्कम परत मिळत नाही आणि ती जाते संस्थेच्या नव्हे, कुणातरी व्यक्तीच्या यूपीआयवर. पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक 'ओके'. उरलेले डॉलर तिथे पोचल्यावर रोख. व्हिसाबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं, 'विमानतळावर फक्त फिरायला आलो म्हणून सांगा'. इथेच थांबायला हवं. जो तुम्हाला अधिकाऱ्यासमोर खोटं बोलायला शिकवतो, तो अडचण आल्यावर फोन उचलणार नाही.

पोचल्यावर काम काय? सिमेंटच्या टाक्या घासणं, शेवाळ काढणं, पाणी बदलणं आणि तिकीट काढून आलेल्या पर्यटकांना जन्मतः पांढरी (अल्बिनो) किंवा पाय तुटलेली कासवं दाखवणं. घरटी शोधायची रात्रीची गस्त रोज उद्यावर जाते. मे ते सप्टेंबर या किनाऱ्यावर समुद्र खरोखर खवळलेला असतो, त्यामुळे सबब पटतेही.

मग अंडी येतात कुठून? रात्री घरटी उकरणाऱ्यांकडून, नगावर विकत. श्रीलंकेच्या 1937 च्या वन्यजीव कायद्यानं कासवं आणि अंडी दोन्हींना संरक्षण आहे. म्हणजे तुमच्या फीतून नेमका तोच व्यवहार पोसला जातो, जो थांबवायला तुम्ही गेलात.

बरं, विकत घेतलेली अंडी जगतात तरी का? घातल्यानंतर काही तासांत गर्भ कवचाच्या वरच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की गर्भ मरतो. पिशवीत भरून मोटारसायकलवर आणलेल्या अंड्यांचं हेच होतं. जाणकार माणसं घरटं हलवायचंच झालं तर घातल्यापासून साधारण सहा तासांच्या आत हलवतात. अंडं ज्या स्थितीत मिळालं त्याच स्थितीत बादलीत ओलसर वाळूवर ठेवतात आणि मूळ घरट्याच्याच खोलीचा, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद खड्डा करून पुरतात. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवासाठी ही खोली साधारण दीड फूट. दोन घरट्यांत मीटरभर अंतर ठेवतात. वाळू दर हंगामात बदलतात, नाहीतर बुरशी आणि जिवाणू पुढच्या अंड्यांत शिरतात. वाळूचं तापमान 29 अंशांच्या आसपास असेल तर नर-माद्या दोन्ही निघतात. त्याहून तापली की माद्याच, फारच तापली तर अंडीच मरतात. म्हणून विचारा: थर्मामीटर आहे का, नोंदवही दाखवता का?

आता पिल्लं. वाळूतून वर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा साठा उरलेला असतो. त्याच्या जोरावर ते पहिले चोवीस तास अखंड पोहत किनाऱ्यालगतच्या माशा-पक्ष्यांच्या टप्प्यातून बाहेर पडतं. टाकीत ठेवलेलं पिल्लू हीच ताकद सिमेंटच्या भिंतीला धडका देत संपवतं. पिल्लं एकमेकांना चावतात, जखमांवर बुरशी चढते. नंतर रोज त्याच वेळी, त्याच जागी, भर उजेडात ती सोडली, की कावळे आणि मासे वाटच पाहत असतात. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला रोज पिल्लं हवीत म्हणून हे चालतं. पिल्लं आपल्या वेळेनं, बहुधा रात्री बाहेर येतात. त्यांचं वेळापत्रक कुणी आधी छापू शकत नाही.

वेळास-आंजर्ल्याला कासव महोत्सव पाहिलेल्याला हा फरक चटकन कळेल. तिथे पिल्लं वर आली तर सोडतात, नाहीतर लोक हात हलवत परत जातात. सोडताना पाहायचं दोरीपलीकडून आणि पिल्लाला हात लावायचा नाही.

संस्थेला लेखी विचारा: गेल्या हंगामात घरटी किती, त्यांतली जागेवर किती राखली, हलवली किती, पिल्लं किती टक्के निघाली? पिल्लं निघून गेल्यावर घरटं उकरून रिकामी कवचं आणि न फुटलेली अंडी मोजावी लागतात. ज्यांनी ते केलं, त्यांच्याकडे आकडे तयार असतात. 'हजारो पिल्लं वाचवली' हे उत्तर नव्हे. परवानगी कुणाची आहे, हेही विचारा आणि श्रीलंकेच्या वन्यजीव संरक्षण खात्याला ईमेल करून ताडून पाहा. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या रेकावाला, जे 2006 मध्ये अभयारण्य झालं, घरटी जागच्या जागी राखण्याचं काम झालं आहे. हेच पाहायला मागा.

फसलातच तर उशीर करू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहार क्रमांक, चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, ब्लॉक करण्याआधीच काढून घ्या. कार्डानं भरले असतील तर बँकेत वादग्रस्त व्यवहार म्हणून अर्ज द्या. मध्यस्थ भारतातला असेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.