विंडोज ११ : आहे त्यावरच अपग्रेड की फॉरमॅट मारून नवीन?

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचीही मुदत त्याच दिवशी संपली, पण ते बऱ्याच जणांच्या लक्षात आलेलं नाही. संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, फाइली उघडतात, त्यामुळे काही बदललंय असं वाटत नाही. मात्र ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात किंवा जीएसटीचं रिटर्न भरलं जातं, तो सुरक्षेच्या अपडेटशिवाय चालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग विंडोज ११ वर जायचं कसं? दुकानात विचारलं तर बहुधा उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारून टाकू, मशीन फास्ट होईल." कधीकधी तेच बरोबर असतं. पण त्या संगणकात गेल्या काही वर्षांत काय काय बसवलं गेलं आणि ते पुन्हा कुठून आणायचं, हे दुकानदाराला माहीत नसतं. म्हणून वेगाचा विचार आधी बाजूला ठेवावा आणि स्वतःला विचारावं : आज या संगणकात जे चालतंय ते सगळं मला पुन्हा बसवता येईल का? सेटअप, लायसन्स आणि पासवर्ड हाताशी आहेत का? उत्तर "हो" असेल तर फॉरमॅट, "नाही" किंवा "माहीत नाही" असेल तर आहे त्यावर अपग्रेड.

त्याआधी संगणक पात्र आहे का ते बघा. टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय), यूईएफआय (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप चालवलं की उत्तर मिळतं. "टीपीएम नाही" असं आलं तरी लगेच निराश होऊ नका. अनेक मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. पण बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते तपासा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती नसली आणि मशीनने मागितली, तर स्वतःचाच डेटा स्वतःला उघडता येत नाही. आणि ४ जीबी रॅमवर विंडोज ११ बसतं खरं, पण काम करायचं तर ८ जीबी आणि एसएसडी (वेगवान डिस्क) हवीच.

ऑफिस, छापखाना, हिशेबाचा संगणक

इथे मी निःशंकपणे आहे त्यावर अपग्रेड सुचवेन. प्रोग्रॅम, प्रिंटर, सेटिंग, फॉन्ट, सगळं जागच्या जागी राहतं. मराठी डीटीपी करणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा फार मोठा आहे. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधल्या फाइली नेमका तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा गिचमिड मजकूर होऊन उघडतात. लग्नपत्रिका, अहवाल, संस्थेच्या घटना असं वर्षानुवर्षांचं काम त्यात असतं. "फॉन्टचा फोल्डर कॉपी केलाय" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्ट एकाच वापरकर्त्यापुरता बसवता येतो, आणि तसा बसवलेला फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये नसतो. तो त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये दडलेला असतो. तिथून तो आठवणीने घ्यावा लागतो.

टॅलीचंही तसंच. फॉरमॅट मारायचाच असेल तर आधी लायसन्स सरेंडर करा (म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या), कंपनीच्या डेटाचा बॅकअप घ्या आणि डेटाचा पाथ लिहून ठेवा. डिजिटल सहीच्या टोकनमधली सही टोकनमध्येच असते, ती फॉरमॅटने जात नाही. पण टोकनचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) आणि सही करणारं सॉफ्टवेअर पुन्हा बसवावं लागतं, आणि नेमकं शेवटच्या तारखेला ते जमेलच असं नाही. म्हणून दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांनी वीस तारखेच्या तोंडावर हे काम काढूच नये, आणि मार्चअखेरीला तर नकोच.

या वाटेचे तोटेही आहेत. जुना कचरा तसाच पुढे येतो. एखादा जुनाट ड्रायव्हर आडवा आला की ०एक्ससी१९००१०१ (0xC1900101) ने सुरू होणारा एरर कोड दिसतो. अशा वेळी सेटअप बहुतेकदा स्वतःच मागे फिरून विंडोज १० परत आणतो. बाहेरचा अँटिव्हायरस आधी काढून टाकणं आणि माऊस-कीबोर्ड सोडून बाकीची यूएसबी उपकरणं उपसून ठेवणं, एवढ्यानेही पुष्कळ अडचणी टळतात. आणखी एक अडचण भाषेची. विंडोज 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' असेल आणि डाउनलोड केलेली आयएसओ (विंडोजच्या सेटअपची फाइल) 'इंग्लिश इंटरनॅशनल' असेल, तर फाइली आणि ॲप दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडताच येत नाही. तो पर्याय फिका दिसला तर पुढे जाऊ नका. थांबा आणि योग्य आयएसओ आणा.

घरचा संगणक

फोटो, ब्राउझर, मुलांचा अभ्यास एवढाच वापर असेल, मशीन कासवासारखं चालत असेल, व्हायरसची शंका असेल किंवा ते सेकंडहँड घेतलेलं असेल, तर फॉरमॅट चांगला. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल पुरतं. विंडोज १० रीतसर ॲक्टिव्हेट असेल तर डिजिटल लायसन्स त्याच मशीनशी बांधलेलं असतं. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो निवडा. प्रॉडक्ट की विचारली तर ती पायरी वगळा.

अडतं ते ड्रायव्हरपाशी. नवं विंडोज बसतं, पण वायफाय दिसत नाही आणि सेटअप मात्र इंटरनेट मागतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर तर सेटअपला डिस्कच सापडत नाही, कारण इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर लागतो. हे दोन्ही ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

माझ्या मते सर्वांत सुरक्षित फॉरमॅट म्हणजे जुन्या डिस्कला हातच न लावणं. नवी एसएसडी घ्या, जुनी डिस्क काढून ठेवा आणि नव्यावर विंडोज टाका. काही राहिलं असं नंतर लक्षात आलं तर जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून हवं ते काढता येतं. बिटलॉकरची की इथेही जपून ठेवायची. थोडा खर्च होतो, पण डेस्कटॉपवर, डाउनलोडमध्ये किंवा सी ड्राइव्हवर कुणी काय ठेवलंय याचा घरातल्या प्रत्येकाला नक्की अंदाज नसतो, तेव्हा हा खर्च मला योग्य वाटतो.

बॅकअप, दोन्ही वाटांसाठी

नुसत्या फाइली कॉपी करणं घरच्या संगणकाला पुरतं. ऑफिसच्या मशीनसाठी क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला या मोफत साधनांनी पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि मग ती हार्डडिस्क काढून ठेवा. कॉपी केलेल्या फाइलींपैकी दोन-चार दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. ब्राउझरमधले पासवर्ड सिंक झालेत का तेही तपासा, आउटलुकची पीएसटी फाइल (ज्यात मेल साठवलेले असतात) विसरू नका. लॅपटॉप चार्जरवर आणि डेस्कटॉप यूपीएसवर असल्याशिवाय सुरुवात करू नका.

संगणक पात्रच नसेल तर

विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल तर वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग सिंक केली तर पैसे पडत नाहीत. रुफससारखं (विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणारं) साधन वापरून अटी चुकवता येतात, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून कामाच्या संगणकावर ते नको. फक्त ब्राउझर लागतो अशा जुन्या लॅपटॉपला लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम उत्तम.

आहे त्यावर अपग्रेड केलं असेल तर परत फिरायला १० दिवस मिळतात. जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये असतं. जागा मोकळी करायच्या घाईत ते उडवू नका. त्या दहा दिवसांत एक प्रिंट काढा, स्कॅन करा, टॅली उघडून एक नोंद करा, डिजिटल टोकन लावून पोर्टलवर सही होते का बघा आणि श्रीलिपीतली सर्वांत जुनी फाइल उघडा. यातलं काही अडलं आणि दोन दिवसांत सुटलं नाही, तर सेटिंग, सिस्टिम, रिकव्हरी इथल्या 'गो बॅक' बटणाने परत फिरा.